पूर्ण मनाने देवावर प्रीती केली, तर शेजाऱ्यासाठी काय उरतं?

अनगोळकर | सोमवार, रात्री ९.४०

जय ख्रिस्त.

मी इथं बरीच वर्षं वाचतोय, लिहितो क्वचित. पण काल रविवारी एका मुलानं मला गप्प केलं आणि पुढच्या रविवारी उत्तर देतो असं मी त्याला कबूल करून बसलोय. म्हणून हा धागा.

आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मी शब्बाथ शाळेचा मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. धडा मार्काच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातला होता. एक शास्त्री येशूला विचारतो, सगळ्या आज्ञांमध्ये पहिली कोणती? येशू एक विचारल्यावर दोन सांगतो. देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने, पूर्ण शक्तीने प्रीती कर. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. मी दोन्ही आज्ञा फळ्यावर लिहिल्या आणि ‘पूर्ण’ या शब्दाखाली चारही ठिकाणी रेघ ओढली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा सातवीतला मुलगा म्हणाला, “सर, पूर्ण मन देवालाच दिलं म्हटल्यावर शेजाऱ्याला द्यायला काय राहिलं वो?”

बाकीची मुलं हसली. तो हसला नाही. रोजच्या मिळकतीतून आधी घरभाड्याचे पैसे डब्यात बाजूला काढायचे आणि मग किराण्याला किती उरले ते बघायचं, अशा घरातला तो मुलगा आहे. त्यानं मनापासून हिशोब विचारला होता. मला उत्तर आलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती झाकून हा प्रश्न विचारणं मला बरं वाटत नाही. आमच्या डाव्या हाताच्या घराशी माझं चार वर्षं बोलणं नाही. घरासमोरच्या गटारावर मी स्लॅब टाकून घेतला तेव्हा उतार चुकला आणि पावसाचं पाणी त्यांच्या पायरीशी तुंबायला लागलं. ते सांगायला आले. ते कानडीत चिडून बोलले, मी मराठीत चिडून बोललो, आणि दोन मिनिटांत गटार राहिलं बाजूला, ‘तुम्ही लोक’, ‘आम्ही लोक’ सुरू झालं. ‘तुम्ही लोक’ हे शब्द आधी माझ्या तोंडून गेले. स्लॅब आजही तसाच आहे. रविवारी फळ्यावर ‘शेजारी’ लिहिलं तेव्हा मला त्यांची ओली पायरी दिसत होती.

जाणत्यांनी सांगावं. मुलाला काय सांगू?

---

चिकोडीची_सून | सोमवार, रात्री १०.१५

दादा, माझ्या धाकट्याच्या वेळी थोरल्यानं मला हेच विचारलं होतं. बाळ आल्यावर माझ्या वाट्याला किती येणार म्हणून. मी त्याला म्हटलं, माया म्हणजे काही तांब्यातलं पाणी नव्हे, एकाला ओतलं की दुसऱ्याला कमी पडायला. मुलाला असं काहीतरी सांगा, पटेल त्याला.

---

निवृत्त_पाळक | मंगळवार, सकाळी ६.५०

ताईंचं म्हणणं खरं आहे. तरी त्या मुलाचं तेवढ्यानं समाधान होईल असं मला वाटत नाही. आई ‘माझ्यावरच पूर्ण प्रीती कर’ असं म्हणत नाही. देव म्हणतो. मुलाचं बोट नेमकं त्या ‘पूर्ण’ शब्दावर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू या.

पहिली आज्ञा बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली. यहुदी माणूस ती सकाळ-संध्याकाळ म्हणतो. मूळ हिब्रूत तिथे तीन गोष्टी आहेत: हृदय, जीव आणि ‘मेओद’. मार्कात त्यांच्या चार झाल्या, बुद्धीची भर पडली. आपण ज्याला शक्ती म्हणतो तो ‘मेओद’ हा शब्द चमत्कारिक आहे. त्याचा साधा अर्थ ‘खूप’, ‘अतिशय’ असा. म्हणजे तुझं जे जे ‘खूप’ आहे, त्यानं. जुन्या यहुदी गुरूंनी त्याचा एक अर्थ धन असाही लावला आहे. घरभाडं आणि किराणा मोजणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्याला हे जरूर सांगा. त्याचा हिशोब आज्ञेच्या बाहेरचा नाही, आतलाच आहे.

आता दुसरी आज्ञा. ती लेवीय १९:१८ मधली. आपण ती तेवढीच कापून पाठ करतो आणि तिच्या आजूबाजूला काय लिहिलं आहे ते वाचत नाही. त्याच अध्यायात आहे: मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको. भावाचा मनात द्वेष करू नको, त्याला काय सांगायचं ते तोंडावर सांग. आणि सर्वांत आधी, नवव्या-दहाव्या ओवीत: शेत कापताना अगदी कडेपर्यंत कापू नको, सरवा वेचू नको, गरिबासाठी आणि परक्यासाठी तो राहू दे.

सरवा हा शब्द हल्लीच्या शहरी मुलांना ठाऊक नसेल. बेळगाव तालुक्यात भुईमूग किंवा बटाटा काढून झाला की रानात जे चुकून राहतं ते वेचायला बायका-पोरं यायची. माझ्या लहानपणी आम्हीही जायचो. ओली माती नखांत जायची, ओट्यात शेंगा साठायच्या. आमच्या गावी एक शेतकरी मजुरांना मुद्दाम सांगायचा, फार उकरत बसू नका, मागं पोरं येणार आहेत.

या अध्यायात जवळजवळ प्रत्येक सूचनेनंतर एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: मी परमेश्वर आहे. पुष्कळ वर्षं मला ते उगाच मध्ये आल्यासारखं वाटायचं. मजुरी दे, मी परमेश्वर आहे. सरवा राहू दे, मी परमेश्वर आहे. मग एकदा उपदेशाची तयारी करताना लक्षात आलं की तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. शेत माझं असेल तर मी कडेपर्यंत कापीन, का कापू नये? शेत सगळंच्या सगळं देवाचं असेल, तर कडेचं कोणाला द्यायचं हे तो ठरवणार, आणि त्यानं ते गरिबाला देऊन ठेवलं आहे. मन अर्धं देवाला दिलं आणि अर्धं स्वतःकडे राखलं, तर शेजाऱ्याला त्या माझ्या अर्ध्यातून मागावं लागेल. पूर्ण देवाला दिलं तर शेजाऱ्याचा वाटा मी काढून द्यायचा उरतच नाही. तो आधीच निघालेला असतो.

गटाराबद्दल नंतर लिहितो. त्याबद्दलही वचन आहे.

---

वेदगंगाकाठ | मंगळवार, दुपारी ३.०५

पाळकसाहेबांचं वाचलं आणि राहवलं नाही. मी निपाणीकडची. माझं शिक्षण फार नाही, घरात विड्या वळते. सूप मांडीवर आणि फोन बाजूला, तसंच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

२०१९ च्या ऑगस्टात आमच्याकडं महापूर आला. वेदगंगा, दूधगंगा दोन्ही फुगल्या. हायवेसुद्धा बंद झाला होता. आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, मातीच्या भिंतीचं. रात्री दीडच्या सुमाराला पाणी उंबऱ्याशी आलं आणि पहाटेपर्यंत चुलीच्या वर. दोन पोरं, सासू, एक म्हैस आणि एक पत्र्याची ट्रंक एवढं घेऊन आम्ही वर चढलो.

वरच्या आळीत एक कानडी घर आहे. त्यांचं-आमचं बरं नव्हतं. बांधावरनं दोन पिढ्यांची कटकट, एकदा पोलिसापर्यंत गेलेली. त्या दारात मी आयुष्यात पाय ठेवला नव्हता. त्या रात्री त्यांच्या आज्जी कंदील घेऊन कट्ट्यावर उभ्या होत्या. म्हशीच्या दावणीची जागा हातानं दाखवली आणि मला एवढंच विचारलं, “ऊटा आतेन?” जेवण झालं का. पहाटेची वेळ, नखशिखांत भिजलेलो, आणि ती म्हातारी जेवणाचं विचारतेय. मला रडू फुटलं.

अकरा दिवस राहिलो. त्यांच्या घरात आमच्यासारखी अजून दोन कुटुंबं होती. सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी. तीन चुली पेटायच्या. कुणाच्या ताटात काय वाढलं, कुणाचा देव कोणता, कुणी विचारलं नाही.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आतपर्यंत चिखल. माझ्या आईनं लग्नात दिलेलं बायबल फुगून विटेएवढं जाड झालेलं. मी ते टाकून द्यायला निघाले होते. आज्जींनी हातातनं घेतलं. कट्ट्यावर उन्हात ठेवलं, शेजारी बसल्या आणि खराट्याची एक काडी घेऊन एकेक पान सोडवायला लागल्या. पान सुटलं की त्यावर फुंकर घालायच्या, मग पुढचं. त्यांना मराठी वाचता येत नाही. त्यात काय लिहिलंय ते त्यांना माहीत नव्हतं. पाच दिवस रोज दुपारी तेच काम. मी म्हटलं, राहू द्या आज्जी, नवीन मिळतं. त्या म्हणाल्या, तुझ्या आईनं दिलेलं आहे ना.

ते बायबल आता नीट मिटत नाही. वरनं दोरी बांधून ठेवावं लागतं. पण पानं सगळी सुटी आहेत, एक फाटलेलं नाही.

एक गोष्ट मला तिथं कळली. गावात पुराच्या मदतीचे फलक लागले होते, त्यावर ‘नेरे संत्रस्तरु’ असं लिहिलेलं. नेरे म्हणजे पूर. आणि शेजाऱ्याच्या घराला कानडीत नेरेमने म्हणतात. तोच शब्द! मी आमच्या कानडी मंडळीतल्या एका बहिणीला विचारलं तर तिनं तिच्या बायबलात दाखवलं, ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ तिथं शेजारी म्हणजे ‘नेरेयवनु’ आहे. आणि प्रीती हा शब्द त्यांच्यात पण प्रीतीच आहे, आपल्यासारखाच. मला वाटतं त्या मुलाला हे पण सांगा सर.

लुटून रस्त्यात टाकलेल्या माणसाला एका परक्या शोमरोन्यानं उचललं, ती येशूनं सांगितलेली गोष्ट. लहानपणापासनं ती ऐकली की मी स्वतःला शोमरोनी समजायची. कुणाला मदत करायची, कुणाला काय द्यायचं. त्या वर्षी मी रस्त्यावर पडलेला माणूस होते. आज्ञा मला पाठ होती, पाळली त्यांनी.

---

चिकोडीची_सून | मंगळवार, दुपारी ३.४०

काय बोलू ताई. आमच्या माहेरी पण त्याच पुरात पाणी होतं. आज्जी आहेत का अजून?

---

वेदगंगाकाठ | मंगळवार, दुपारी ३.५५

हो, आहेत. आता दिसत नाही नीट. मी आठवड्यातनं दोनदा जाते, नखं कापते, डोकं धुते. बांधाची कटकट मिटली असं मात्र समजू नका. तो खटला चालू आहे. घरचे पुरुष अजून तारखेला जातात आणि मी मागल्या दारानं आज्जीकडं.

---

कॅम्प_गल्ली | मंगळवार, रात्री ८.३०

ताईंचा अनुभव वाचून माझ्या मनातली जुनी गोष्ट पुन्हा वर आली, म्हणून स्पष्ट लिहितो. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

त्याच पुरात मी मदतीच्या ट्रकबरोबर आठ दिवस होतो. चिखल काढला, चादरी वाटल्या. परत आल्यावर रविवारी उपासनेला बसलो आणि माझ्या मनात आलं, हे कशासाठी? गाणी, प्रार्थना, अर्पण, आशीर्वाद. त्या आज्जींना यातलं काहीच लागलं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात सरळ लिहिलंय की दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही, तो न दिसणाऱ्या देवावर करू शकत नाही. मग दिसणाऱ्यावर केली की झालं ना? पहिली आज्ञा दुसरीतच पूर्ण होते. तेव्हापासून मी चर्चला कमी जातो आणि रक्तदान, शाळांचं साहित्य अशी कामं जास्त करतो. माझं चुकत असेल तर दाखवा.

---

जुनी_परिचारिका | बुधवार, पहाटे ५.१०

मी अथणीकडची. आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला जात आली. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन दवाखाना सुरू केला, तेव्हापासूनची ती वाट. माझ्या आजोबांचा मोतीबिंदू तिथे काढला होता, आणि ते ऐकत मोठी झाले म्हणून मी नर्स झाले. नोकरी दुसरीकडे केली, २६ वर्षं.

भाऊ, तुमचा प्रश्न मला परका नाही. मीही एके काळी प्रार्थना सोडली होती. वॉर्ड हीच माझी उपासना असं म्हणायचे, आणि ते म्हणताना छान वाटायचं. दोन-तीन वर्षांत माझं काय झालं ते सांगते. मी पेशंटला नावानं हाक मारायची बंद झाले. ‘बारा नंबरचं ड्रेसिंग’, ‘सात नंबरचा युरिन’. हात काम करायचे, कामात चूक नव्हती. मधुमेहानं पाय सडलेला एक म्हातारा होता. वास एवढा की नातेवाईक दाराबाहेर उभे राहायचे. मी रोज त्याचं ड्रेसिंग करायची, पट्टी भिजवून सोडवायची, जखम धुवायची. एक दिवस तो म्हणाला, “बाई, तुम्ही माझ्या पायाकडं बघता, माझ्याकडं एकदा बघा की.”

मी घरी जाऊन दार लावून घेतलं आणि किती तरी दिवसांनी गुडघ्यावर बसले. मोठी प्रार्थना नव्हती. प्रभू, मला उद्या त्याचं तोंड बघू दे, एवढीच. त्यानंतर ड्यूटीच्या आधी दहा मिनिटं मी कधी सोडली नाहीत. वॉर्डाची यादी घेऊन बसायचे आणि एकेक नाव घ्यायचे. ज्याच्यावर राग असेल, जो शिव्या देत असेल, त्याचं नाव घेताना जीभ अडखळायची. तिथेच थांबायचं.

तुमचं रक्तदान आणि साहित्य वाटणं खरंच चांगलं आहे, सोडू नका. पण आपण ज्याचं भलं करतो तो हळूहळू आपल्या कामाचा माल होतो, हे मी स्वतःच्या हातांत पाहिलं आहे. देवासमोर त्याचं नाव घेतलं की तो पुन्हा माणूस होतो. मला तरी दुसरा उपाय सापडला नाही. आणि योहानाचं ते वचन आणखी एक वेळ वाचा. त्याच्या अगदी अलीकडच्या ओळीत आहे की त्यानं आधी आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण करतो. आधी. आपण जे देतो ते तिथून आलेलं असतं.

---

कॅम्प_गल्ली | बुधवार, सकाळी ९.००

सिस्टर, ‘माझ्याकडं एकदा बघा की’ हे वाचून थांबलो. यावर घाईनं उत्तर देत नाही.

---

वडगावचा_वारकरी | बुधवार, सकाळी ११.२०

मी ख्रिस्ती नाही. माळकरी आहे, आमच्या घरात वारी आहे. एका मित्रानं हा धागा पाठवला. आज्जींची गोष्ट घरात सगळ्यांना वाचून दाखवली.

एकच विचारायचं आहे, आणि ते आदरानं. भुकेल्यात, आजाऱ्यात देव पाहावा असं आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. तुमच्याकडे शेजाऱ्यात देव आहे असं मानता, की शेजारी वेगळा आणि देव वेगळा? धाग्यात दोन्ही तऱ्हेचं बोलणं दिसलं.

---

निवृत्त_पाळक | बुधवार, सायंकाळी ७.१५

माऊली, तुमचं स्वागत. आमचे मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, तेव्हा या प्रश्नावर आपण दोघं अगदी परके नाही.

आमच्याकडे शेजारी देव नाही. तो माणूसच आहे, चुकणारा, कधी कधी त्रास देणारा. पण मत्तय २५ मध्ये येशू म्हणतो की भुकेल्याला खायला दिलंत, परक्याला घरात घेतलंत, आजाऱ्याला भेटलात, ते मला केलंत. त्या प्रसंगात चांगलं करणारे लोक चकित होऊन विचारतात, प्रभू, तुला आम्ही कधी पाहिलं? म्हणजे देव दिसला म्हणून त्यांनी केलं नव्हतं. समोर भुकेला माणूस होता, त्याला खायला दिलं. मला हे फार मोलाचं वाटतं. शेजाऱ्याला ओलांडून पलीकडे देव शोधायचा नाही. शेजाऱ्याकडे शेजारी म्हणून बघायचं आणि येशू ते स्वतःच्या खात्यावर लिहून घेतो.

आता अनगोळकरांच्या गटाराबद्दल, आणि त्यानिमित्तानं आपल्या सर्वांच्या एका दुखण्याबद्दल.

शोमरोनी म्हणजे ‘परोपकारी’ असा अर्थ आपण करून टाकला आहे. ऐकणाऱ्या यहुद्यांना तो शब्द टोचणारा होता. एकाच पूर्वजांचे, जवळजवळ एकाच धर्मग्रंथाचे लोक, पण मंदिर कुठे यावरून भांडण. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर येशूच्या आधी शंभरावर वर्षं एका यहुदी राज्यकर्त्यानं, योहान हिर्कानसानं, उद्ध्वस्त केलं होतं. तक्रारी दोन्हीकडे होत्या आणि खऱ्या होत्या. लूक ९ बघा: शोमरोन्यांच्या एका गावानं येशूला उतरायला जागा दिली नाही, आणि याकोब-योहान म्हणाले, आकाशातून अग्नी पाडू का? येशूनं त्यांना दटावलं. पुढच्याच अध्यायात तो गोष्ट सांगतो आणि तिच्यातला भला माणूस कोण? त्याच लोकांतला.

१९५६ मध्ये भाषेवार राज्यं झाली आणि आपलं बेळगाव कानडी राज्यात गेलं, तेव्हापासूनचा सीमावाद आपण सगळे जाणतो. १ नोव्हेंबरला एका घरात राज्योत्सवाचा सण आणि शेजारच्या घरात काळा दिवस असतो. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ते दुःख खोटं आहे, विसरा, असं मी म्हणणार नाही. येशूही तसं म्हणाला नाही. योहान ४ मध्ये विहिरीवरच्या शोमरोनी बाईला तो स्पष्ट सांगतो की तारण यहुद्यांमधून आहे. आपली बाजू त्यानं सोडली नाही. पण तिच्याशी बोलणं सुरू कशानं झालं? “मला प्यायला पाणी दे.” तिच्या हातचं, तिच्या घागरीतलं. यहुदी माणसानं शोमरोन्याशी असा व्यवहार करायचा नसतो, हे तीच त्याला सांगते. भाषेचा आपला हक्क मागावा, न्यायालयात मागावा. आणि शेजाऱ्याच्या घागरीतलं पाणी प्यावं. निपाणीच्या ताई हेच करतात, घरचे पुरुष तारखेला आणि त्या आज्जीकडे.

अनगोळकर, तुमच्यासाठी वचन मत्तय ५:२३-२४. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. शब्द नीट बघा. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध आहे असं नाही म्हटलेलं. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. पाणी त्यांच्या पायरीशी तुंबतंय, तुमच्या नव्हे.

---

रामतीर्थनगर | बुधवार, रात्री ११.५०

सगळं वाचलं. मला सांगा, ज्यांच्याकडे आता काहीच उरलं नाही त्यांनी काय करायचं? माझे सासरे सहा वर्षं अंथरुणाला आहेत. रात्री तीन वेळा कूस बदलावी लागते नाही तर पाठीला जखमा होतात. नवरा बाहेरगावी. चर्चमधले येतात, तुमची सेवा मोठी आहे म्हणतात, चहा पिऊन जातात. मला आता त्यांच्यावर माया वाटत नाही. हे कुणाला सांगताही येत नाही. मी देवावर प्रीती करत नाही का?

---

निवृत्त_पाळक | गुरुवार, सकाळी ५.३०

बेटा, करतेस. रात्री तिसऱ्या वेळी उठून त्यांची कूस बदलतेस, ती प्रीतीच आहे. आज्ञेत माया वाटली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. लेवीय १९ मधली सगळी उदाहरणं हातांनी करायची आहेत.

पण तुला दुसरं सांगायचं आहे. त्या शोमरोन्याची गोष्ट शेवटपर्यंत वाच. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत आणलं, रात्रभर काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी? तो आपल्या कामाला गेला. दोन दिनार उतारशाळेवाल्याच्या हातात ठेवले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि म्हणाला, तू याची काळजी घे, जास्त लागलं तर परतताना देईन. एकट्यानं शेवटपर्यंत केलं असं येशू सांगत नाही. ‘स्वतःसारखी’ या शब्दात तूही आहेस. ही जबाबदारी तुझ्या मंडळीची आहे, आणि चहा पिऊन जाणाऱ्यांना ते कुणीतरी सांगायला हवं. तुझी हरकत नसेल तर तुझ्या मंडळीचं नाव मला खासगी निरोपात कळव. मी सांगतो.

---

जुनी_परिचारिका | गुरुवार, सकाळी ६.०५

ताई, मी आता बेळगावातच असते, मुलीकडे. रामतीर्थनगर मला बसनं एकच. आठवड्यातून दोन रात्री मी येऊन बसीन. कूस कशी बदलायची, पाठीला उशा कशा लावायच्या ते मला येतं, तुम्ही त्या रात्री झोपा. पत्ता इथे लिहू नका, निरोप पाठवा.

---

कॅम्प_गल्ली | गुरुवार, सकाळी ९.३०

सिस्टर, रात्रीच्या बसची कटकट नको, मी गाडीवरून सोडीन आणि सकाळी घेऊन जाईन. पुरुष पेशंट उचलायला लागला तर वरही येतो. त्या आजोबांचं नाव काय, निरोपात कळवा.

---

रामतीर्थनगर | गुरुवार, सकाळी १०.१०

पाठवला निरोप. दोघांनाही. जास्त लिहवत नाही आता.

---

अनगोळकर | रविवार, दुपारी २.२०

वर्ग झाला. आधी त्याचं सांगतो.

मी शनिवारी शहापूरच्या बाजारातून ओल्या शेंगा आणल्या होत्या. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं, त्यावर शेंगा, आणि त्या मुलाला म्हटलं, हे तुझं शेत. सगळं देवाला द्यायचं. त्यानं सगळ्या शेंगा दोन्ही हातांनी एका बाजूला ओढल्या. मग मी त्याला लेवीय १९ मोठ्यानं वाचायला लावलं. ‘सरवा’ शब्दाशी तो अडला, अर्थ विचारला, मी सांगितला. त्यानं ढिगाकडे बघितलं. मग कडेच्या थोड्या शेंगा परत बाजूला केल्या आणि म्हणाला, “म्हणजे सर, देवानंच म्हटलंय ह्या ठेव म्हणून. मग ह्या देवाच्या पण झाल्या आणि त्यांच्या पण.” मी फळ्यावर काहीही लिहिलं नाही.

मग तो म्हणाला, “सर, तुम्ही कुणाला ठेवलाय?”

मी मुलांना खरं सांगितलं. स्लॅबचं, चार वर्षांचं, ‘तुम्ही लोक’ म्हटल्याचं. त्यांच्यासमोर सांगायला जड गेलं. वर्ग सुटल्यावर उपासनेला न थांबता घरी आलो. अर्पणाचं पाकीट खिशातच होतं.

शेजारच्या दाराची बेल वाजवली. त्यांच्या बायकोनं दार अर्धं उघडलं, मला बघून चेहरा बदलला. म्हणाल्या, “अवरु इल्ला,” ते नाहीत. मी उभा राहिलो, काही सुचलं नाही. मला बाजारापुरतं कानडी येतं, हे बोलण्याएवढं येत नाही. त्यांनी दार लावून घेतलं.

गवंड्याला फोन केला आहे. मंगळवारी येऊन स्लॅब फोडतो आणि उतार काढून देतो म्हणाला. पाऊस जोर धरायच्या आत व्हायला हवं. मी आज संध्याकाळी परत जाणार आहे. ‘माझं चुकलं’ हे कानडीत कसं म्हणायचं ते कुणी सांगेल का? मराठीत म्हटलं तरी त्यांना कळेल, पण त्या दिवशी मी मराठीतच भांडलो होतो.

---

वेदगंगाकाठ | रविवार, दुपारी २.३५

पुस्तकातलं ‘क्षमिसि’ वगैरे म्हणू नका सर, ते भाषणासारखं वाटतं. आज्जीच्या घरात मी ऐकते ते सांगते. ‘तप्पात्री’ म्हणा. तप्प म्हणजे चूक, आत म्हणजे झाली. शेवटचा ‘री’ मानाचा आहे, तो विसरू नका.